रँचवरची मास्तरीण: १९४२ च्या एका बी-वेस्टर्नचं प्रकरण

गाणारा काउबॉय-हिरो जीन ऑट्री याचा 'हार्ट ऑफ द रिओ ग्रांदे' मार्च १९४२ मध्ये अमेरिकेत लागला. पिक्चर काही फार भारी वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकतो. काळापांढरा, सत्तर मिनिटांच्या आतबाहेर, गाणी भरपूर, मारामारी बेताची, आणि शेवट काय होणार ते पहिल्या दहा मिनिटांत कुणालाही कळतं. पण हे बी-वेस्टर्न, म्हणजे मोठ्या पिक्चरच्या जोडीला दाखवायचे स्वस्तातले काउबॉयपट, नेमके जुळवायचे कसे, कुठली अडचण कशी सोडवायची, पैसे कुठे वाचवायचे, हे एकाच उदाहरणातून बघायचं असेल तर याच्याइतकी सोयीची केस मला तरी माहीत नाही. आणि या केसमधली कळीची व्यक्ती हिरो नाही, त्याचा घोडा चॅम्पियन नाही, व्हिलन तर नाहीच नाही. ती आहे शाळेतली बाई.

गोष्ट एवढीच. जीन एका रँचवर (गुराघोड्यांच्या मोठ्या कुरणावर) फोरमन, म्हणजे मुकादम म्हणून लागलाय, सोबत त्याचा कायमचा जोडीदार फ्रॉग, म्हणजे स्मायली बर्नेट. रँच साधी नाही, पाहुण्यांची आहे, शहरातले लोक पैसे भरून येतात, घोड्यावर बसतात, काउबॉय बघतात आणि परत जातात. तिथे एका खासगी शाळेच्या मुलींचा घोळका येतो, बरोबर त्यांच्या बाई, ॲलिस बेनेट (फे मॅकेन्झी). मुलींमध्ये एक कॉनी लेन (एडिथ फेलोज), बाप गडगंज श्रीमंत पण मुलीसाठी वेळ नाही, म्हणून पोरगी बिघडलेली, हट्टी, कुणाचं ऐकायचं नाही. शिवाय आधीचा फोरमन हॅप कॅलाहन (विल्यम हाडे), ज्याची जागा जीनने घेतली, तो मनात डूख धरून बसलेला. पुढे काय होतं ते तुम्हीच सांगा. कॉनी सुधारते, बाप शेवटी रँचवर येतो, बापलेकीचं जमतं, हॅपचा बंदोबस्त होतो, मधे मधे जीन गातो.

अडचण काय होती

ती समजायला हा पिक्चर काढणारी रिपब्लिक पिक्चर्स काय चीज होती ते थोडं बघायला लागेल. हर्बर्ट येट्स हा माणूस मुळात सिनेमावाला नव्हे, त्याची फिल्म धुवायची लॅबोरेटरी होती, कन्सॉलिडेटेड फिल्म इंडस्ट्रीज. मोनोग्राम, मॅस्कॉट, लिबर्टी अशा छोट्या छोट्या कंपन्या त्याच्याकडून काम करून घ्यायच्या आणि बिलं थकवायच्या. १९३५ मध्ये त्याने या सगळ्यांना एकत्र आणून रिपब्लिक उभी केली. म्हणजे स्टुडिओचा मालक कोण, तर ज्याला फिल्मच्या एकेका फुटाचा हिशोब तोंडपाठ आहे असा माणूस. स्टुडिओची जागा लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतली, पूर्वी मॅक सेनेट तिथे विनोदी पिक्चर काढायचा.

त्या काळी मंदीमुळे अमेरिकेत एका तिकिटात दोन पिक्चर दाखवायची पद्धत पडलेली होती. मोठ्या पिक्चरसाठी थिएटरवाला तिकीटविक्रीतला टक्का द्यायचा, पण जोडीच्या पिक्चरचं भाडं ठरलेलं, उक्तं. म्हणजे गर्दी झाली काय आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या काय, बी पिक्चरवाल्याला तेवढेच पैसे. मग नफा कमवायचा कसा? खर्च कमी करून, दुसरा रस्ताच नाही. सगळी बी-वेस्टर्न या एका हिशोबातून जन्माला आलीत हे एकदा डोक्यात बसलं की त्यातल्या बऱ्याच 'कलात्मक' निर्णयांचा उलगडा आपोआप होतो.

ऑट्री मात्र या हिशोबात पुरता बसत नव्हता आणि ते त्यालाही माहीत होतं. टेक्सासमधल्या टायोगाचा, १९०७ चा जन्म, आधी रेल्वेत तारयंत्रावर, मग रेकॉर्ड, मग रेडिओ. १९३५ च्या 'टंबलिंग टंबलवीड्स'पासून तो रिपब्लिकचा हिरो. खेड्यापाड्यांत आणि छोट्या गावांत ऑट्रीचा पिक्चर हाच मेन पिक्चर असायचा, दुसरा नावाला. थिएटरवाल्यांनी त्याला येऊन सांगितलं की आम्हाला तुझे पिक्चर हवे असतात पण त्यासाठी रिपब्लिकचा बाकीचा सगळा मालही घ्यायला लावतात. त्यावरून आणि मानधनावरून १९३८ मध्ये त्याचं स्टुडिओशी वाजलं, तो कामावर गेलाच नाही, तर येट्सने लेनर्ड स्लाय नावाच्या पोराला उचललं, त्याचं रॉय रॉजर्स केलं आणि 'अंडर वेस्टर्न स्टार्स'मध्ये हिरो म्हणून उभा केला. इशारा कुणाला होता ते वेगळं सांगायला नको. तरी शेवटी ऑट्री परत आला तो वाढीव पैशांवर, आणि १९४० मध्ये थिएटरवाल्यांच्या मतमोजणीत सगळ्या हॉलिवूडमध्ये चौथा आला, मिकी रूनी, स्पेन्सर ट्रेसी आणि क्लार्क गेबल यांच्या मागोमाग. वेस्टर्नवाल्यांत नव्हे हां, सगळ्यांत.

आता अडचण. शनिवारी दुपारच्या खेळाला पोरंच पोरं. त्यांना घोडे हवेत, ठोसे हवेत, हिरोने हिरोईनला जवळ घेतलं की थिएटरभर नाकं मुरडायची. म्हणजे चुंबन बाद. पण जानेवारी १९४० पासून ऑट्रीचा 'मेलडी रँच' हा रेडिओ कार्यक्रम सीबीएसवर सुरू झालेला, च्युइंगगमवाली रिग्ली कंपनी प्रायोजक, तो ऐकणाऱ्यांत घराघरातल्या बायका आणि तरुण मुली. त्यांना हिरोईन हवी, गोडवा हवा, गाणी तर हवीतच. मग बाई आणायची पण प्रेमात फार पाडायचं नाही, भरपूर गाणी घालायची पण ती कुणासाठी गातोय ते दिसलं पाहिजे, गोष्ट आजच्या काळातली हवी (ऑट्रीच्या पिक्चरमध्ये घोड्याशेजारी मोटार, रेडिओ, विमान सगळं असतं), आणि वर बजेट येट्ससाहेबांचं.

नेहमीचा मार्ग म्हणजे रँचमालकाची मुलगी. पण ती आली की तिच्या बापाचा खून, गुरांची चोरी, जमीन हडपणारा सावकार हे सगळं मागोमाग येतं, आणि तेच तेच किती वेळा करणार. दुसरा मार्ग वार्ताहर बाई किंवा शहरातली गायिका, तोही वापरून वापरून गुळगुळीत झालेला. इथे लेखकांनी, म्हणजे लिली हेवर्ड आणि विन्स्टन मिलर यांनी, मास्तरीण आणली. मास्तरीण आली की वर्ग येतो, आणि वर्ग आला की गाणी ऐकायला वीसेक पोरी एका झटक्यात हजर! शाळेच्या बाई म्हटल्यावर अब्रूदारपणा आयताच मिळाला, प्रेम फार पुढे नाही गेलं तरी कुणी विचारणार नाही. शिवाय सगळ्या नवख्या, त्यामुळे रँचवरची प्रत्येक गोष्ट त्यांना समजावून सांगता सांगता प्रेक्षकांनाही सांगून होते. सेट तर काय, एक रँच. हिशोबाच्या दृष्टीने बघाल तर हा एकदम चोख तोडगा आहे आणि मी त्याला मनापासून दाद देतो.

पाहुण्यांची रँच हा काय प्रकार

पुष्कळांना वाटतं की पैसे देऊन काउबॉय बघायचे हा पिक्चरवाल्यांनीच काढलेला गमतीशीर प्रकार असणार. तसं नाही. हॉवर्ड ईटन आणि त्याच्या भावांनी नॉर्थ डकोटात मेडोराजवळ १८८० च्या दशकातच हे सुरू केलं होतं. पूर्वेकडचे ओळखीपाळखीचे लोक यायचे, महिनोन्महिने राहायचे, शेवटी पाहुण्यांनीच म्हटलं की बाबा आमच्याकडून पैसे घे. १९०४ मध्ये त्यांनी बस्तान वायोमिंगला हलवलं. पहिल्या महायुद्धानंतर गुरांचे भाव कोसळले, कर्जं अंगावर, तेव्हा बऱ्याच खऱ्याखुऱ्या रँचवाल्यांनी चार खोल्या वाढवून पाहुणे ठेवायला सुरुवात केली, १९२६ मध्ये मॉन्टानातल्या बिलिंग्जला त्यांची संघटनासुद्धा झाली, आणि यात रेल्वे कंपन्यांचा हात मोठा, त्यांना तिकिटं खपवायची होती. त्या धंद्यात एक जुना विनोद चालायचा, की गुरांपेक्षा पाहुणे परवडतात, हिवाळ्यात त्यांना चारा घालावा लागत नाही.

अशा रँचवरचा फोरमन काय करतो ते बघण्यासारखं आहे, कारण पिक्चरमधलं जीनचं काम तेच आहे. सकाळी उजाडायच्या आत एक जण कुरणात जाऊन रात्रभर सोडलेले घोडे हाकत कुंपणात आणतो. मग पाहुणे येतात, नवे करकरीत बूट घालून. फोरमन एकेकाला विचारतो, घोड्यावर बसता येतं का? येतं म्हणणाऱ्यांवर त्याचा विश्वास बसत नाही, कारण जो जास्त आत्मविश्वासाने हो म्हणतो तोच आधी पडतो. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांना म्हातारे, शांत, रस्ता पाठ असलेले घोडे. खोगीर घालायचं, तंग आवळायचा, आणि लगेच निघायचं नाही, कारण घोडा लबाड असतो, तंग आवळताना पोट फुगवून उभा राहतो आणि पाच मिनिटांनी श्वास सोडला की तंग सैल. तसंच निघालात तर अर्ध्या वाटेत पाहुणा खोगिरासकट घोड्याच्या पोटाखाली. म्हणून थांबून पुन्हा आवळायचा, मग प्रत्येकाच्या पायाच्या लांबीप्रमाणे रिकिबी वरखाली करायच्या, आणि हे सगळं हसतमुखाने, कारण समोरचा पैसे देतोय.

यात गुरं कुठे आहेत? जवळजवळ नाहीतच. म्हणजे काउबॉयचं काम आता काउबॉय असल्याचं दाखवणं. हॅप कॅलाहनला राग येतो तो पिक्चरमध्ये फोरमनकी गेली म्हणून येतो, पण मला बघताना वाटत राहतं की या जागी दुसराही एक राग असू शकला असता, गुरं राखणाऱ्या माणसाला शाळकरी पोरींच्या रिकिबी बसवायला लागतात याचा. पिक्चर तिकडे फिरकत नाही, सत्तर मिनिटांत फिरकणार तरी कधी.

खऱ्या मास्तरणी

वेस्टर्नमध्ये मास्तरीण आली कुठून हे बघितल्याशिवाय या ॲलिसबाईंचं काय झालं ते नीट कळत नाही.

अमेरिकेत १७८५ च्या जमीन अध्यादेशाने नव्या मुलखाची चौकोनी मोजणी ठरवून दिली. एका टाउनशिपचे, म्हणजे मोजणीतल्या एका मोठ्या चौकोनाचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकर, आणि त्यातला सोळावा भाग शाळेसाठी राखीव. म्हणजे माणसं यायच्या आधी शाळेची जमीन कागदावर ठरलेली. जमीन झाली, आता शिकवणार कोण? पूर्वेकडे शिकलेल्या अविवाहित मुली बऱ्याच होत्या आणि त्यांना कामं नव्हती. कॅथरीन बीचर यांनी या विषयाची पाठ धरली आणि व्हरमॉन्टचे माजी गव्हर्नर विल्यम स्लेड यांच्या पुढाकाराने १८४७ पासून एका मंडळाने अशा मुलींना थोडे आठवडे शिकवून पश्चिमेकडे पाठवायला सुरुवात केली, दहाएक वर्षांत सहाशेच्या आसपास. एकट्या मुली, कुठे बोटीने, कुठे घोडागाडीने, पोचल्यावर एकच खोली, त्यात पाच वर्षांच्या पोरापासून मिशी फुटलेल्या टोणग्यापर्यंत सगळे, मध्ये शेगडी, आणि राहायची सोय विद्यार्थ्यांच्याच घरी, काही आठवडे या घरी, काही आठवडे त्या घरी. पगार बेताचा, लग्न केलं की बहुतेक ठिकाणी नोकरी गेली. वायोमिंगमध्ये मात्र १८६९ मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला त्याच अधिवेशनात शिक्षकांच्या पगारात बाई-पुरुष असा भेद करायचा नाही असाही कायदा झाला, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

याच वायोमिंगमध्ये ओवेन विस्टरची १९०२ ची कादंबरी 'द व्हर्जिनियन' घडते, आणि तिथून पुढच्या सगळ्या वेस्टर्नमधल्या मास्तरणी निघाल्या असं म्हटलं तरी चालेल. मॉली वुड, व्हरमॉन्टमधल्या बेनिंग्टनची, बेअर क्रीकच्या शाळेवर येते. ती कादंबरीचा हिरो असलेल्या काउबॉयला पुस्तकं वाचायला देते, त्याच्याशी वाद घालते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हिलन ट्रॅम्पसशी गोळीबाराला जायच्या वेळी त्याला स्पष्ट सांगते की गेलास तर आपलं लग्न नाही. तो जातो, जिवंत परत येतो, आणि ती त्याच्या गळ्यात पडते. म्हणजे हरली तीच. पण हरायच्या आधी तिने एक बाजू लावून धरली होती, कायदा, अक्षर, घर, शाळा ही बाजू, आणि ती बाजू इतकी भक्कम होती की काउबॉयला तिच्यापुढे स्वतःला समजावून सांगावं लागलं.

ॲलिसबाईंकडे काय उरलं

आता 'रिओ ग्रांदे'कडे या. पहिली गोष्ट म्हणजे बाई पश्चिमेला शाळा काढायला आलेल्याच नाहीत. पूर्वी मास्तरीण येऊन रँचवरच्या रांगड्यांना वळण लावायची. इथे श्रीमंतांच्या पोरींना वळण लागावं म्हणून शाळाच रँचवर आणलीय. सगळं उलटं. बिघाड शहरात, पैशात, घाईत, शहाणपण रँचवर. १९४२ पर्यंत अमेरिकेतले निम्म्याहून जास्त लोक शहरांत राहत होते, पण ऑट्रीचा प्रेक्षक मोठ्या संख्येने खेड्यातला, त्याला हे उलटं चित्र गोड वाटणार यात नवल नाही. तुमच्या शिकल्यासवरल्या लोकांना जे जमलं नाही ते आमच्या जीनने गाणं म्हणत करून दाखवलं!

आणि याची किंमत कोण देतं, तर ॲलिसबाई. कॉनीचा प्रश्न हा खरं तर मास्तरणीचा प्रश्न आहे हो. वर्गातली एक मुलगी त्रास देतेय, बाप लक्ष देत नाही, मुलगी लक्ष वेधायला काहीही करतेय, कुठल्याही शाळेतल्या बाईला हे नवीन नाही. पण तो प्रश्न कथेने बाईंच्या हातातून काढून फोरमनच्या हातात दिला. शिस्त जीन लावतो, समजूत जीन घालतो, बापाला त्याची चूक कळते तीही जीनमुळे. बाई काळजी करतात, अधूनमधून बाजू घेतात, छान दिसतात, ऐकतात. काउबॉयच मास्तर झाला म्हटल्यावर मास्तरणीने करायचं काय?

याला मी नुसतं लेखकांचं दुर्लक्ष म्हणणार नाही. हिरोनेच सगळं सोडवायचं हा या पिक्चरांचा नियमच होता, आणि ऑट्रीचं सगळं दुकान पोरांना चांगलं वळण लावणारा मोठा भाऊ या प्रतिमेवर उभं होतं. पुढे १९४० च्या दशकातच त्याच्या नावाने काउबॉयची दहा कलमं छापली गेली, पहिली गोळी झाडायची नाही, शब्द मोडायचा नाही, मुलं-म्हातारे-जनावरं यांच्याशी मायेने वागायचं वगैरे. ज्याची स्वतःचीच शाळा चाललीय त्याच्या पिक्चरमध्ये दुसऱ्या शिक्षकाला जागा कुठून मिळणार. तरीसुद्धा मॉली वुडपासून ॲलिस बेनेटपर्यंत चाळीस वर्षांत मास्तरीण घसरत घसरत इथवर आली याची चुटपुट लागतेच. मॉली निदान नाही तरी म्हणाली होती.

फे मॅकेन्झीचा यात दोष नाही, बाई उत्तम आहेत. १९४१-४२ मध्ये तिने ऑट्रीबरोबर लागोपाठ पाच पिक्चर केले, 'डाउन मेक्सिको वे', 'सिएरा स्यू', 'काउबॉय सेरेनेड', हा, आणि 'होम इन वायोमिन'. ती स्वतः गायची, म्हणजे हिरोईन आणि गायिका असे दोन पगार द्यायला नकोत, पुन्हा हिशोब आलाच. आपल्याकडच्या लोकांनी तिला दुसरीकडे पाहिलंय, फक्त ओळखलं नाहीये. १९६८ च्या 'द पार्टी'मध्ये पीटर सेलर्स तोंडाला रंग फासून ह्रुंडी बक्षी नावाचा हिंदी नट होतो आणि एका बड्या घरच्या पार्टीचा पार विचका करतो, त्या घरची मालकीण, ॲलिस क्लटरबक, ती हीच. तिचा नवरा टॉम वॉल्डमन त्या पिक्चरच्या लेखकांपैकी एक. दोन्हीकडे नाव ॲलिस आणि दोन्हीकडे आलेले पाहुणे आवरेनात!

पण पिक्चर खऱ्या अर्थाने खाल्लाय तो एडिथ फेलोजने. चणीने लहान, त्यामुळे वयाची अठरा उलटली तरी शाळकरी पोर म्हणून खपून जाते, आणि हट्टीपणा असा करते की बघताना आपलाच हात शिवशिवतो. तिची स्वतःची गोष्ट कॉनीच्या बरोब्बर उलटी. कॉनीला पैसा आहे आणि विचारणारं कुणी नाही. एडिथ मात्र बालकलाकार म्हणून पैसे मिळवायला लागल्यावर १९३६ मध्ये तिच्या ताब्यासाठी आई आणि आजी कोर्टात उभ्या राहिल्या होत्या, पेपरांत रकानेच्या रकाने, शेवटी ताबा आजीकडे. बालकलाकारांची कमाई थोडी तरी राखून ठेवायला लावणारा कूगन कायदा कॅलिफोर्नियात झाला १९३९ मध्ये, तोवर तिची बरीच वर्षं कमावून झाली होती, आणि सज्ञान झाल्यावर हातात फारसं काही पडलं नाही. कॉनी बापावर चिडते ते प्रसंग बघताना हे आठवलं की विनोद जरा कमी विनोदी वाटतो. ऑट्रीबरोबर तिने त्याच वर्षी 'स्टारडस्ट ऑन द सेज' पण केला.

गाण्यांचं

आपल्या संगीत नाटकात पद आलं की कथा हातातलं काम टाकून बाजूला उभी राहते आणि कुणाची तक्रार नसते, ऑट्रीच्या पिक्चरमध्ये तस्सं. फरक इतकाच की इथे गाणी आधी हिट व्हायची आणि पिक्चर त्यांच्या मागून. त्याच्या कितीतरी पिक्चरांची नावंच गाण्यांवरून घेतलीत. या पिक्चरमध्ये 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास' आहे, जून हर्शी आणि डॉन स्वँडर यांचं १९४१ चं गाणं, १९४२ च्या सुरुवातीला अख्ख्या अमेरिकेच्या तोंडी होतं. गंमत आहे ती टाळ्यांची. प्रत्येक ओळ संपली की मध्ये मोकळी जागा आणि तिथे चार टाळ्या, टप टप टप टप, मग पुढची ओळ. ऐकणारा गप्प बसूच शकत नाही. ब्रिटनमध्ये तर कारखान्यांसाठी लागणाऱ्या 'म्युझिक व्हाइल यू वर्क' या कार्यक्रमात बीबीसीने हे गाणं वाजवणं बंद केलं, कारण कामगार हातातली हत्यारं मशीनवर आपटून ताल धरायचे. आता सांगा, असं गाणं दोघांच्या प्रेमप्रसंगात वापरून काय उपयोग? त्याला घोळका लागतो, टाळ्या वाजवायला तयार असलेला. आणि घोळका तर बाई घेऊनच आल्यात.

म्हणून मी म्हणतो की मास्तरीण या पिक्चरमध्ये व्यक्ती म्हणून दुबळी आणि युक्ती म्हणून एक नंबर आहे. तिला काढा, वर्ग जातो, वर्ग गेला की कॉनी जाते, टाळ्या जातात, उरतो हॅप कॅलाहन. त्याच्यावर वीस मिनिटंसुद्धा निघणार नाहीत.

पुढे

पिक्चर चालला, जसे ऑट्रीचे सगळेच चालायचे. पण वेळ वेगळी होती. पर्ल हार्बर होऊन तीन महिने झालेले. २६ जुलै १९४२ ला ऑट्रीने आपल्या रेडिओ कार्यक्रमातच, श्रोत्यांच्या साक्षीने, सैन्यात भरती होण्याची शपथ घेतली. येट्सला ते मुळीच आवडलं नाही, आणि हा नाही तर तो म्हणत त्याने रॉय रॉजर्सला 'किंग ऑफ द काउबॉइज' करून टाकलं. ऑट्री हवाई वाहतूक दलात वैमानिक झाला आणि त्याची कामगिरी हिंदुस्थान-ब्रह्मदेश-चीन आघाडीपर्यंत गेली, हिमालयावरून चीनला रसद पोचवणाऱ्या त्या जीवघेण्या मार्गाशी त्याचं नाव जोडलेलं आहे.

पटकथेच्या दोघांपैकी विन्स्टन मिलर १९४६ मध्ये दिग्दर्शक जॉन फोर्डच्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'च्या लेखकांत होता. त्यात बॉस्टनहून आलेली क्लेमेंटाइन शेवटी गावात शाळेच्या बाई म्हणून राहते आणि हिरो वायट अर्प तिचा निरोप घेऊन निघून जातो. म्हणजे त्याच हाताला पैसे, वेळ आणि फोर्ड मिळाल्यावर मास्तरणीला गाव मिळालं, शाळा मिळाली, आणि निघून जाणं हिरोच्या वाट्याला आलं. यात मिलरचा वाटा किती हा वेगळा विषय, पण दोन पिक्चर लागोपाठ बघितले तर मजा येते.

राहिला टीव्हीचा घोळ. १९५० च्या दशकात रिपब्लिकने जुने वेस्टर्न टीव्हीला द्यायचं ठरवलं, त्याविरुद्ध रॉजर्स आणि ऑट्री दोघेही कोर्टात गेले, रॉजर्स आधी जिंकला, ऑट्री हरला, आणि १९५४ मध्ये वरच्या कोर्टात दोघेही हरले. मग जाहिरातींसकट तासाच्या कार्यक्रमात बसावेत म्हणून हे पिक्चर ५३-५४ मिनिटांवर कापले गेले. कित्येक वर्षं लोकांनी ऑट्री पाहिला तो असा कापलेला, आणि त्यावरून हे पिक्चर तुटक असतात असं मत करून घेतलं. नंतर ऑट्रीने आपल्या पिक्चरांचे हक्क मिळवले आणि पूर्ण लांबीच्या प्रती दुरुस्त करून घेतल्या. तेव्हा 'रिओ ग्रांदे' बघायचा झालाच तर आधी वेळ तपासा. चौपन्न मिनिटांचा असेल तर सोडून द्या, सत्तरच्या आसपासचा शोधा, आणि बघताना हॅपच्या मारामाऱ्या पुढे ढकलल्या तरी चालतील, पण एडिथ फेलोज पडद्यावर असेल तेव्हा हात रिमोटपासून लांब ठेवा.